पोटातले जीवाणू आणि हृदयविकाराचा झटका

लागण-खोडवा सोडून शेतकी खाते दवाखान्याचे कधीपासून बोलू लागले, असे काही जण म्हणतील. पण जीवाणूंचा विषय निघाला की तो आमच्याही वाट्याचा. पाचट कुजवणारे जीवाणू आणि बैलाच्या पोटात कडबा पचवणारे जीवाणू आपल्या ओळखीचे आहेत. तसेच माणसाच्या आतड्यातही असतात, आणि त्यांचा धागा थेट हृदयापर्यंत जातो.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधील डॉ. स्टॅनली हेझन यांच्या पथकाने २०११ साली हे मांडले. अंड्याच्या बलकात, कलेजीत कोलीन नावाचे द्रव्य असते. शरीराला ते लागतेच. पण आतड्यात काही जीवाणू त्यापासून ट्रायमिथाइल अमाइन नावाचा वायू बनवतात. शिळ्या माशाला वास मारतो तो ह्याचाच. तो रक्तातून यकृतात गेला की त्याचे टीएमएओ होते. उंदरांत हे टीएमएओ वाढले तसा रक्तवाहिन्यांत चरबीचा थर वाढला. रक्ताची गुठळी व्हायलाही ते हातभार लावते, असे २०१६ साली दिसले. पाटात गाळ साचत जातो आणि एके दिवशी पाचटाचा बोळा अडकून पाणी बंद पडते ना, झटका म्हणजे तेच.

आम्हाला सर्वांत पटला तो २०१३ चा प्रयोग. निरोगी माणसांना दोन-दोन उकडलेली अंडी दिली. रक्तात टीएमएओ चढले. मग आठवडाभर प्रतिजैविकाच्या गोळ्या देऊन पुन्हा अंडी दिली, तर ते जवळजवळ गायब! गोळ्या थांबल्यावर काही आठवड्यांनी परत हजर. म्हणजे हा माल जीवाणूंच्याच कारखान्यातला. त्याच वेळी ४,००७ रुग्णांवर तीन वर्षे नजर ठेवली होती. ज्यांच्या रक्तात टीएमएओ सर्वांत जास्त, त्यांना झटका, पक्षाघात वा मृत्यूचा धोका सर्वांत कमी असणाऱ्यांच्या सुमारे अडीचपट निघाला.

आता लगेच कोणी दुकानातून गोळ्या आणून खाऊ नयेत. चांगले जीवाणूही मरतात आणि रोगजंतू औषधाला दाद देईनासे होतात. पोरांची अंडीही बंद करू नका. समुद्री मासळी खाल्ल्यावर टीएमएओ चढतेच, तरी मासळी हृदयाला वाईट ठरलेली नाही. मूत्रपिंड कमजोर असले तरी ते रक्तात साठते. तेव्हा सारा दोष ह्या एकाच्या माथी मारणे घाईचे होईल. तंबाखू, रक्तदाब, साखर हे जुने वैरी आहेतच.

एक मात्र पटण्याजोगे दिसले. वर्षानुवर्षे मांस न खाणाऱ्या एकाला मांस खायला दिले, तर त्याच्यात टीएमएओ फारसे झालेच नाही. जसे खत तशी जमीन, नाही का? रोजच्या ताटात ज्वारीची भाकरी, मटकी, हरभरा, पालेभाजी असेल तर आतड्यातल्या उपयोगी जीवाणूंना चोथा मिळतो.

आणि हे वाचून छातीतली कळही पोटाचीच म्हणू नका बरं. ऐन हंगामात तोडीच्या धावपळीत कळ आली, घाम सुटला, तर सोडा पिऊन वजनकाट्याच्या रांगेत थांबू नका. गाडी तिथेच सोडा, १०८ ला फोन लावा.