टीबी-३०३ : खर्ज धरायला आलेले यंत्र

जेमतेम फूटभर लांबीची, रुपेरी प्लास्टिकची चपटी पेटी. वरच्या कडेला सहा लहान नॉब, खाली एका सप्तकापुरती तेरा बटणे, पोटात चार सेल. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१च्या अखेरीस ही पेटी बाजारात आणली आणि तिला नाव दिले टीबी-३०३ बेस लाइन. तिची रचना तादाओ किकुमोतो या अभियंत्याची. कंपनीचा हिशेब सरळ होता. घरी एकट्याने वाजवणाऱ्या गिटारवाल्याला बेस गिटारची साथ मिळत नाही. ती साथ ही पेटी करील, आणि ठेक्याला तिचेच भावंड, टीआर-६०६, शेजारी राहील. अमेरिकेत तिची किंमत ३९५ डॉलर होती. १९८४ मध्ये उत्पादन थांबले, तोवर सुमारे दहा हजार नग निघाले होते. ग्राहकांनी पाठ का फिरवली, हे ती पेटी ऐकताक्षणी कळते. तिच्यातून बेस गिटार ऐकूच येत नाही.

मग काय ऐकू येते? आत स्वर उत्पन्न करणारे मंडल एकच आहे. ते करवतीच्या दात्यांसारखी किंवा चौकोनी, यांपैकी एक लहर देते. ही लहर गाळणीतून, म्हणजे फिल्टरमधून जाते. फिल्टर वरची कंपने कापतो, आणि कुठून कापायचे ते कट-ऑफचा नॉब ठरवतो. शेजारचा रेझोनन्सचा नॉब त्या कापलेल्या कडेलाच धार लावतो. एकाच सुरावर ‘ऊ’ धरून ठेवा आणि सूर न बदलता तोंड हळूहळू ‘आ’मधून ‘ई’कडे न्या. कट-ऑफ फिरवल्यावर ३०३ जे करते ते बरेचसे असेच असते. सूर तिथेच असतो, त्याचा वर्ण बदलत जातो. रेझोनन्स चढवला की हाच आवाज ओला, चिरका होतो आणि किंचाळू लागतो.

त्यात आणखी दोन गोष्टी आहेत, त्यांच्यावर माझा विशेष जीव आहे. पहिली स्लाइड. दोन सुरांमध्ये ती लावली की पेटी पहिल्या सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते. ही घसरण सेकंदाच्या अगदी छोट्या अंशाची असली, तरी मींडेला सरावलेल्या कानाला ती लगेच जाणवते. दुसरी ॲक्सेंट. एखाद्या सुरावर ती दिली की तो सूर मोठा होतोच, शिवाय फिल्टरही क्षणभर जास्त उघडतो. लागोपाठच्या सुरांना ॲक्सेंट दिली, तर आतल्या कपॅसिटरमधला आधीचा भार पुरता उतरलेला नसतो, त्यामुळे पुढचा सूर आणखी उसळतो. एखाद्या तबलजीने तिहाईकडे जाताना बोल चढवत न्यावेत, तसे हे यंत्र चढते.

तिच्यात धून भरणे मात्र कष्टाचे काम. सोळा मात्रांच्या आवर्तनासाठी आधी नुसते सूर ओळीने दाबायचे, लय विसरून. मग दुसऱ्या फेरीत सूर विसरून प्रत्येक मात्रेवर नोंदवायचे की इथे नवा सूर आहे, आधीचाच लांबवायचा आहे की विराम आहे. सुरांची रांग आणि मात्रांची रांग अशी वेगवेगळी चालते. एका मात्रेवर चूक झाली की पुढचे सगळे सूर सरकतात आणि मनातल्या धुनेऐवजी भलतीच धून वाजू लागते. बॅटरी उतरली किंवा काढली की साठवलेल्या धुनांचाही विचका होतो. साथीचे यंत्र म्हणून हे दोष होते. पण कुणीही जाणूनबुजून बांधली नसती अशी वाकडीतिकडी धून त्यांतूनच मिळाली, आणि पुढचा सारा इतिहास त्या धुनांवर उभा आहे.

तो घडला शिकागोत. १२ जुलै १९७९ रोजी तिथल्या कोमिस्की पार्क मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला आणि जमाव मैदानात घुसला. कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुणांच्या जिवाभावाचे संगीत त्या रात्री खुलेआम झिडकारले गेले. मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढले, पण नाचणारे थांबले नाहीत. वेअरहाउस क्लबमध्ये फ्रँकी नकल्स, म्युझिक बॉक्समध्ये रॉन हार्डी तबकड्या लावत राहिले. नव्या तबकड्या येईनात, तेव्हा पोरांनी दुकानांत पडून राहिलेली स्वस्त यंत्रे घेऊन स्वतःच संगीत करायला घेतले. हाउस संगीत जन्मले ते या निकडीतून.

त्या पोरांपैकी तिघे होते डीजे पिअर, अर्ल ‘स्पँकी’ स्मिथ आणि हर्बर्ट जे. गटाचे नाव फ्यूचर. स्पँकीने एक जुनी ३०३ मिळवली. ती नीट कशी वाजवायची हे कुणालाच ठाऊक नव्हते. यंत्र एकच धून घोळवत राहिले आणि पिअर नॉब फिरवत गेला. सूर जागचे हलत नव्हते, त्यांचा वर्ण मात्र पिळत, उकलत, किंचाळत होता. ध्वनिफीत रॉन हार्डीकडे गेली. त्याने पहिल्यांदा ती लावली तेव्हा नाचणारे बाजूला झाले. हार्डीने त्याच रात्री ती पुन्हा लावली, नंतर आणखी लावली, आणि चौथ्या खेपेला गर्दी बेभान झाली. मार्शल जेफरसनच्या निर्मितीखाली १९८७ मध्ये ट्रॅक्स रेकॉर्ड्सने ती ‘ॲसिड ट्रॅक्स’ नावाने काढली. हार्डीचे मोठेपण मला इथे दिसते. नवे ऐकवणारे बरेच असतात. समोरची जागा रिकामी होत असताना तेच चार वेळा लावणारा विरळा.

वर्षभरात हा आवाज ॲसिड हाउस या नावाने इंग्लंडला पोहोचला. लंडनचा शूम, मँचेस्टरचा हासिएंडा आणि शेताडीत, गोदामांत रात्रभर चालणारे मेळे यांनी १९८८चा उन्हाळा भारून टाकला. सरकारला ते इतके खुपले की १९९४च्या फौजदारी कायद्यात, अशा मेळ्यांना आवर घालणाऱ्या कलमात, पुनःपुन्हा येणाऱ्या ठेक्यांचा शब्दशः उल्लेख करावा लागला.

याच पेटीची एक गोष्ट मुंबईत आधीच घडली होती. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले मुरलेले वादक. गिटार, बेस, ट्रान्झिकॉर्ड, जे समोर येईल ते वाजवणारे. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडची तीन यंत्रे एकत्र बांधली : ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीआर-८०८चा ठेका आणि खर्जाला ३०३. त्यांवर ललत, तोडी, मधुवंती, यमन, कलावती, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एचएमव्हीसाठी एक तबकडी केली. ती खपली नाही. २०१०च्या सुमारास नेदरलँड्समधल्या बॉम्बे कनेक्शनने ती पुन्हा काढली, तेव्हा युरोपातले ऐकणारे चक्रावले. ही कुणीतरी आता रचलेली बनवाबनवी असावी, अशी शंकाही घेतली गेली. मग मथळे आले की ॲसिड हाउस शिकागोत नव्हे, मुंबईत जन्मले.

मुंबईचे नाव होते म्हणून आपण हा मान लगेच पदरात घेऊ नये, असे मला कळकळीने वाटते. दोन्ही ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐका. सिंग यांच्या तबकडीत राग पुढे आहे. ज्युपिटरवर त्यांची बोटे आलाप घेतात, ताना घेतात, आणि ३०३ खाली षड्जाला धरून धावत राहते. कंपनीने तिला नेमलेले साथीचे काम ती तिथे इमानाने करते, आणि ते काम तिच्याकडून इतके सुरेल कुणी करून घेतल्याचे मी ऐकलेले नाही. फ्यूचरच्या तबकडीत पुढे कुणीच नाही. साथ देणारी पेटीच मध्यभागी येऊन बसली आहे. मुंबईत सूर हलले, शिकागोत वर्ण हलला. सिंग यांना शिकागोच्या पोरांचे पूर्वज ठरवले की त्यांची स्वतःची करामत, बदलता न येणाऱ्या ठेक्याच्या चौकटीत राग श्वास घेऊ शकतो हे दाखवण्याची, झाकली जाते. आयुष्याच्या अखेरीस युरोपातल्या मंचांवर त्यांनी ते राग पुन्हा वाजवले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

गोव्याचा धागा वेगळा आहे. हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यावर परदेशी डीजे उष्णतेने वाकणाऱ्या तबकड्यांऐवजी आधी कॅसेट आणि नंतर डॅट फिती वापरत. तिथे घडलेल्या रुचीतून नव्वदच्या दशकात गोवा ट्रान्स आकाराला आला. त्याचे निर्माते बहुतेक करून लंडन, इस्रायल, जर्मनीतले. त्यांनी ३०३चा चिरका आवाज अखंड वळणाऱ्या धुनांमध्ये विणला, आणि भैरवाची आठवण करून देणारा कोमल रिषभ त्या धुनांत वारंवार भेटतो.

दहा हजारच नग असल्याने जुन्या ३०३च्या किमती भडकल्या आणि नकलांची रांग लागली. १९९७ मध्ये प्रॉपेलरहेडने रीबर्थ हे सॉफ्टवेअर काढले, रोलँडनेही पुढे स्वतःच्या नव्या आवृत्त्या आणल्या, आणि २०१९ मध्ये बेहरिंगरची टीडी-३ आली तेव्हा हा आवाज विद्यार्थ्याच्या खिशाला परवडू लागला. शिकागोची पोरे ज्या भावात यंत्रे शोधत होती, त्या भावात तो पुन्हा मिळावा, याचा मला आनंद आहे.

ऐकायचे असेल तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, खर्ज त्यात उरतच नाही. बरे हेडफोन घ्या. आधी सिंग यांचा कलावती लावा आणि एकदा तरी वरचा राग सोडून फक्त खालच्या ३०३कडे कान ठेवा. मग ‘ॲसिड ट्रॅक्स’ लावा, पूर्ण. पहिली दोन-तीन मिनिटे काहीच घडत नाही असे वाटेल. तेव्हा बंद करू नका.