खांब मोजू नका, अक्षरे वाचा

उत्तरकालीन रोमन कांस्य नाण्यांवर देऊळ दिसले की नवखा संग्राहक आधी खांब मोजतो आणि त्यांवरून नाणे ओळखायला बघतो. हा उलटा कारभार झाला. सम्राट मॅक्सेंटियसची (इ.स. 306–312) नाणी घ्या. सुमारे 25 मिलिमीटर व्यासाच्या या नाण्यांच्या मागच्या बाजूला देवळात रोमा देवी बसलेली असते आणि कडेने 'आपल्या नगरीचा रक्षक' अशा अर्थाचा लॅटिन लेख असतो. हे रोममधले व्हीनस आणि रोमा यांचे मंदिर, असे सहसा मानतात. 307च्या सुमारास ते आगीत सापडले आणि मॅक्सेंटियसने पुन्हा उभारले. त्याच्या दर्शनी बाजूला खांब होते दहा! नाण्यावर मात्र कधी सहा, कधी चार. मधोमध देवी दाखवायची तर साचा कोरणाऱ्याला खांब गाळणे भागच होते. मग देऊळच का? प्रतिस्पर्धी सम्राट कॉन्स्टंटाइन ट्रियरहून राज्य करत होता आणि पूर्वेकडचा सम्राट गॅलेरियस मॅक्सेंटियसला सम्राट मानायलाच तयार नव्हता. प्रत्यक्ष रोम ताब्यात असणे हेच मॅक्सेंटियसचे भांडवल, म्हणून देऊळ ही त्याची जाहिरात होती. 312मध्ये त्याला हरवल्यावर कॉन्स्टंटाइनने देवळातली तीच रोमा आपल्या नाण्यांवर घेतली; लेख मात्र 'आपल्या नगरीच्या मुक्तिदात्यास' असा झाला. चित्र तेच, दावा नेमका उलटा.

यावर कुणी म्हणेल, मॅक्सेंटियसच्या मृत मुलाच्या, रोम्युलसच्या नाण्यांवरची घुमटाची वास्तू तरी खरी असेल ना? वर गरुड, दाराची एक फळी किंचित उघडी. इतका तपशील उगाच कोण कोरेल? पण त्या वास्तूचे रूपही साच्यागणिक बदलते, आणि रोमन फोरममधल्या गोल इमारतीशी ती जुळते की नाही यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तपशील निरुपयोगी आहेत असे मात्र नव्हे. शिखराच्या त्रिकोणात पुष्पचक्र आहे की लांडगी, कोपऱ्यांवर कोणत्या आकृत्या आहेत, यांवरून एकाच टाकसाळीतले उपप्रकार वेगळे काढता येतात. पण ही दुसरी पायरी.

पहिली पायरी अक्षरांची. पुढच्या बाजूला सम्राटाचे नाव वाचावे, कारण मॅक्सेंटियसच्या टाकसाळींनी हेच देऊळ असलेली नाणी काही काळ कॉन्स्टंटाइनच्या नावानेही पाडली. मग मागच्या बाजूला देवळाखालच्या आडव्या रेषेखाली पाहावे. 'एक्यू' असेल तर अक्विलेया; 'पीटी' किंवा 'एसटी' असेल तर टिकिनम, म्हणजे आजचे पाव्हिया. 'पी' म्हणजे पहिला कारखाना, 'एस' दुसरा. झिजलेले खांब कोरणीने पुन्हा उठवून नाणे महाग विकणारेही असतात, म्हणून फार रेखीव देवळाचा आधी संशयच घ्यावा. आणि नाणे हाती आले तर ब्रश किंवा आम्ल लावू नका. रेषेखालची ती दोन-तीन अक्षरे घासून गेली, तर टाकसाळ ओळखण्याचा भरवशाचा पुरावा गेला.