जुना हॅम रेडिओ सेट घेताय? आधी परवाना, मग सौदा

वाशिम : जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर अधूनमधून एक जाहिरात दिसते. ‘एसडीआर हॅम सेट, चालू कंडिशन, अर्ध्या किमतीत.’ नवा १०० वॅटचा सेट लाखाच्या पुढे जातो, त्यामुळे हौशी पोरांचा हात लगेच खिशात जातो. पण थांबा. या सौद्यात पैसेही बुडू शकतात आणि कायद्याचं लफडंही मागे लागू शकतं. म्हणून सगळं नीट समजून घ्या.

हॅम रेडिओ म्हणजे काय?

टॉवर नाही, सिमकार्ड नाही, इंटरनेट नाही. आपला सेट, आपली अँटेना आणि थेट दुसऱ्या माणसाशी बोलणं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळींनी तिथं सेट लावून निरोप पोहोचवले होते. २००४ च्या त्सुनामीत अंदमानातूनही हॅम रेडिओवरच बातमी बाहेर येत होती. म्हणजे हा नुसता शौक नाही, अडीनडीला कामाला येणारी गोष्ट आहे.

एसडीआर म्हणजे काय?

एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअर डिफाइंड रेडिओ. जुन्या सेटमध्ये स्टेशन वेगळं करायचं काम कॉइल आणि क्रिस्टल करायचे. एसडीआरमध्ये अँटेनातून आलेल्या लहरींचे आकडे केले जातात आणि आतला छोटा कॉम्प्युटर त्यातून आवाज वेगळा काढतो. स्क्रीनवर कोण कुठं बोलतंय ते रंगीत पट्ट्यांसारखं दिसतं, त्याला वॉटरफॉल म्हणतात. आयकॉमचा आयसी-७३०० हा १०० वॅटचा आणि शियेगूचा जी-९० हा २० वॅटचा सेट यातले प्रसिद्ध आहेत. हैदराबादला तयार झालेला एसबीआयटीएक्स हा आपला देशी सेट आहे.

परवाना आधी का?

परवाना नसताना असा सेट चालवणं तर सोडाच, घरात ठेवणंही गुन्हा आहे. परवान्यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवर होतो. वय किमान १२ वर्षं हवं. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन ग्रेड आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स कोड लागत नाही, जनरलला लागतो. पेपरात रेडिओची प्राथमिक माहिती आणि नियम विचारतात. आपल्याला जवळचं वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन नागपूरला आहे. पास झाल्यावर परवाना आणि व्हीयू अक्षरांनी सुरू होणारा कॉल साइन मिळतो.

रिस्ट्रिक्टेड ग्रेडला जनरलपेक्षा कमी वॅटची परवानगी आहे. त्यामुळे १०० वॅटच्या सेटवर उडी मारण्याआधी आपल्याला किती वॅट चालवता येतात ते पाहा. नवशिक्याला २० वॅट पुष्कळ होतात.

सेट कसा तपासायचा?

फोटो पाहून पैसे पाठवू नका. विकणाऱ्याचा परवाना आणि कॉल साइन विचारा. मूळ बिल मागा आणि त्यावरचा सिरीयल नंबर सेटवरच्या नंबरशी जुळवा. ओळखीचा जुना हॅम सोबत नेला तर उत्तमच. मग समोर बसून हे तपासा :

१) अँटेना काढून आवाज ऐका, मग जोडा. जोडल्यावर खरखर एकदम वाढली पाहिजे. वाढली नाही तर विजेच्या झटक्यानं रिसीव्हर गेलेला असू शकतो.

२) बोलायची बाजू तपासा. सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते. ऐकू चांगलं येतं, पण ट्रान्समिट मेलेलं असतं. अँटेना न लावता कुणी बटण दाबलं की आउटपुटचे ट्रान्झिस्टर जळतात. डमी लोड आणि वॅट मीटर लावून प्रत्येक बँडवर पॉवर मोजायला सांगा. हे परवानाधारकानंच करावं.

३) ट्यूनिंगचं बटण हळूहळू फिरवा. आकडे उड्या मारतात का पाहा. टचस्क्रीन कोपऱ्यापर्यंत चालते का तेही पाहा.

४) स्क्रू घासलेले असतील तर सेट कुणीतरी उघडलाय. का उघडला ते विचारा.

५) माइक आणि फ्यूजसहित मूळ पॉवर वायर मिळते का बघा. सॉफ्टवेअर अपडेट करायचं तर कंपनीच्या साइटवरूनच करा.

‘टेस्ट करायला वेळ नाही, आधी ॲडव्हान्स टाका’ असं कुणी म्हटलं की उठून या.

घरी आणल्यावर

हे सेट साधारण १३.८ व्होल्टवर चालतात. १०० वॅटचा सेट बोलताना २० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी तात्पुरती चालेल, पण वायर जाड हवी आणि फ्यूज हवाच. प्लस-मायनस उलटं झालं तर सेट जळू शकतो. बॅटरी चार्जिंगला असताना सेट जोडू नका.

७ मेगाहर्ट्झच्या बँडवर दिवसा मुंबई, पुणे, हैदराबाद सहज लागतं. त्यासाठी दोन्ही बाजूंना सुमारे १०-१० मीटर तांब्याची तार पुरते. मधला भाग बांबूवर उंच बांधा आणि टोकं खाली उतरवा. महावितरणच्या तारांपासून लांब राहा. तार तुटून पडली तरी त्यांना लागणार नाही इतकं अंतर ठेवा. वळवाच्या दिवसांत ढग दिसले की अँटेनाची वायर सेटपासून काढून घराबाहेर ठेवा.

वॉटरफॉलवर दर सेकंदाला टकटक रेघ दिसली तर सेट बिघडला म्हणून घाबरू नका. बहुतेक वेळा ती शेताच्या कुंपणाच्या झटका मशीनची असते. हलके एलईडी बल्ब आणि सौर पंपाचा कंट्रोलरही असाच त्रास देतात. अँटेना त्यांच्यापासून दूर नेली की खरखर कमी होते.

आणखी एक. या सेटवर धंद्याचं बोलता येत नाही. सोयाबीनचा भाव, मजुरांचे निरोप, राजकीय प्रचार काहीही नाही. शेतात वॉकीटॉकीसारखं वापरायचं असेल तर हा सेट तुमच्यासाठी नाहीच.

आज काय करता येईल?

खर्च न करता सुरुवात करायची तर मोबाईलच्या ब्राउझरमध्ये ‘वेबएसडीआर’ शोधा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर तिथून फुकट ऐकता येतो. महिनाभर ऐका. आवडलं तर परीक्षेचा फॉर्म भरा. सेट विकत घ्यायचं परवाना हातात आल्यावर बघू. जाहिराती तेव्हाही येतच राहतील.