टिटवाळ्याची घडण : तळे, रूळ आणि विटा

टिटवाळ्याच्या वास्तूंविषयी लिहायचे, तर आधी अंबरनाथचा मोह आवरावा लागतो. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेले शिलाहारांचे शिवालय इथून फार लांब नाही. कल्याणात दुर्गाडी किल्ला आहे, सुभेदारवाडा आहे. टिटवाळ्यात त्या तोलाचे दगडी काम नाही. इथले देऊळ पुन्हा पुन्हा बांधले गेले आणि घरे लाकूड-मातीची होती. तरीही या गावाला वास्तूंचा इतिहास आहे. तो वाचायला सुरुवात करावी ती देवळाच्या कळसापासून नव्हे, तळ्यापासून.

कण्व ऋषींचा आश्रम इथे होता आणि शकुंतलेने इथे गणपती पूजला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. विवाह जुळवणारा गणपती ही महागणपतीची ख्याती त्या कथेतूनच आली. वास्तूच्या दृष्टीने मला दुसरी परंपरा मोलाची वाटते. दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी तळ्याचा गाळ काढताना पेशव्यांचे सरदार रामचंद्र मेहेंदळे यांना मूर्ती सापडली आणि थोरल्या माधवरावांनी देऊळ उभारले, असे सांगतात. माधवरावांची कारकीर्द १७६१ ते १७७२. काळ्या कातळाच्या या पट्ट्यात आषाढ-श्रावणात धो धो पाणी आणि वैशाखात ठणठणाट, म्हणून गावाला तळे हवेच. देऊळही त्याच तळ्याच्या आधाराने बसले.

पेशवेकालीन देऊळ लहान होते, त्याचा सभामंडप लाकडी होता. दुर्गाडीवरचे देवीचे देऊळही मराठ्यांनी लाकडीच बांधले होते. शहापूर-मुरबाडच्या रानातला साग हाताशी, सुतार गावोगावी आणि पाऊस असा की उतरत्या छपराशिवाय गत्यंतर नाही. तो मंडप जीर्ण झाल्यावर १९६५-६६ मध्ये जीर्णोद्धार झाला, पुढे १९९५-९६ मध्ये पुन्हा काम झाले. अंगारकीची गर्दी पाहता जागा वाढवणे भागच होते, हे मान्य. पण लाकडी मंडप गेला, तसा या भागातल्या सुतारकामाचा एक नमुनाही गेला.

जुन्या घरांचेही तेच. दगडी जोते, त्यावर सागाचे खांब, पुढे ओटी, आत माजघर, मागे पडवी. गरिबाघरी भिंत कुडाची. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, आडव्या कामट्यांनी आवळायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीचा गिलावा द्यायचा. अशी भिंत भार घेत नाही, भार खांबांवर असतो. त्यामुळे पावसाने गिलावा धुपला तरी घर पडत नाही, दिवाळीआधी नुसते लिंपून काढले की झाले. नळीची कौले दरवर्षी चाळावी लागत. रेल्वेच्या काळात सपाट मंगलोरी कौले पसरली आणि ते काम पुष्कळ हलके झाले.

रेल्वेने आणखी एक गोष्ट केली. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले, १ ऑक्टोबर १८५५ ला वाशिंदपर्यंत गाडी सुरू झाली. टिटवाळा याच मार्गावरचे. रुळांच्या एका अंगाला मांडा हे गाव, दुसऱ्या अंगाला देवळाचे गाव, आणि स्टेशनपासून देवळापर्यंतचा रस्ता हीच नवी पेठ झाली. टांगे, दूर्वा-जास्वंदीचे हार, मोदकांची दुकाने. गावाचे तोंड तळ्याकडून स्टेशनकडे वळले ते कायमचे. १९३० मध्ये कल्याण-इगतपुरी मार्गावर वीज आली. पुढे लोकलच्या पाटीवर ‘टिटवाळा’ दिसू लागले आणि मुंबईत नोकरी करणाऱ्याला इथे घर परवडू लागले.

ही घरे विटांची. काळू नदीच्या परिसरात वीटभट्ट्या आहेत. पावसाळा सरला की कातकरी कुटुंबे भट्टीवर येतात, मुलाबाळांसह माती कालवतात, साच्यातून विटा पाडतात. बैठ्या चाळी, मग तीन-चार मजल्यांच्या इमारती आणि आता लिफ्टचे टॉवर असा इथला क्रम आहे. कुडाच्या घरात राहणाऱ्यांनी पाडलेल्या विटांवर हे शहर चढले, याची नोंद या इतिहासात ठळक हवी. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत अनधिकृत चाळीही भराभर उठल्या. तिथे राहणाऱ्यांना मी दोष देणार नाही. स्टेशनजवळ परवडणारे वैध घर मिळाले असते, तर कोणी कागद नसलेल्या खोलीत आयुष्याची पुंजी घातली नसती. दोष नियोजनाचा आहे.

टिटवाळ्यात जपायची पहिली वास्तू म्हणजे तळे. पायऱ्या आणि दिवे हवेतच, पण पाणी येण्याच्या वाटा मोकळ्या राहणे त्याहून महत्त्वाचे. दुसरे काम आपल्या घरातले आहे. १९६५ पूर्वी देवदर्शनाला आलेल्या कुटुंबाचा फोटो, ओटीवरच्या मुंजीचा फोटो, मागे दिसणारा मंडपाचा खांब किंवा कौलांची उतरण, असे काही तुमच्या जुन्या अल्बममध्ये असेल, तर त्याच्या मागे साल आणि ठिकाण लिहा आणि एक प्रत गावातल्या शाळेला किंवा वाचनालयाला द्या.