बारीक तारेला वेगळी वाट का?

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने पंप सुरू करण्याचे बटण दाबले आणि त्याला सणसणीत झटका बसला. बटणाच्या परिपथात विद्युतदाब होता फक्त १२ व्होल्ट! थोडक्यात निभावले. शोधल्यावर कारण सापडले. बटणाच्या बारीक तारा आणि पंपाच्या २३० व्होल्टच्या तारा आम्ही एकाच पाइपातून ओढल्या होत्या. वळणावर दोन्हींची आवरणे घासून गेली होती.

यंत्राला काम करण्याची ऊर्जा पुरवतो तो शक्तिपरिपथ. 'चालू हो', 'थांब' अशी आज्ञा देतो तो नियंत्रण परिपथ. दाराची बेल घ्या. आपल्याकडे बहुतेक घरांत बेलच्या बटणामागे थेट २३० व्होल्ट असतात. अमेरिकेतील घरांत १२० व्होल्टचा पुरवठा लहानशा ट्रान्सफॉर्मरने उतरवून बटणापर्यंत सुमारे १६ व्होल्टच नेतात. अशा तारांना साधे, पातळ आवरण चालते. पण काही अटींवर. तेथील राष्ट्रीय विद्युत संहिता १८९७ साली प्रथम निघाली. तिच्यात आता नियंत्रण परिपथांचे तीन वर्ग केलेले आहेत.

वर्ग ठरवायचा कशावरून? 'व्होल्ट कमी म्हणजे धोका कमी' असे विद्यार्थी चटकन सांगतील. पण मोटारीच्या बॅटरीचा विचार करा. तिच्या १२ व्होल्टनी कोरड्या हाताला झटका बसत नाही. मात्र तिच्या दोन टोकांवर लोखंडी पाना आडवा पडला, तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि पाना लालबुंद होऊ शकतो. म्हणजे धोके दोन आहेत : झटका आणि आग. पहिला मुख्यतः विद्युतदाबावर अवलंबून असतो, दुसरा उगम किती शक्ती देऊ शकतो यावर. म्हणून वर्ग तारेवरून नव्हे, तर परिपथाच्या उगमावरून ठरतो.

दुसऱ्या वर्गात एसीचा दाब साधारणपणे ३० व्होल्टपर्यंत आणि उगमाची शक्ती १०० व्होल्ट-अँपिअरपर्यंत असते. दोन्ही धोके कमी. ओल्या त्वचेचा रोध बराच घटतो. म्हणून ओल्या जागी एसीची मर्यादा १५ व्होल्टवर आणलेली आहे. तिसऱ्या वर्गात शक्ती तितकीच, पण दाब १५० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. आगीचा धोका कमी, झटक्याचा मात्र आहे. पहिल्या वर्गात शक्तीवर इतके कडक बंधन नाही; त्यामुळे त्याच्या तारा जवळजवळ शक्तिपरिपथाच्या तारांसारख्याच बसवाव्या लागतात.

आता वेगळ्या वाटेचे कारण कळेल. बेलच्या तारेला १२० व्होल्टची तार चिकटली, तर उगमच बदलतो! ट्रान्सफॉर्मरने घातलेली मर्यादा निरुपयोगी ठरते. १५ अँपिअरचा ब्रेकर १२० × १५ म्हणजे १८०० व्होल्ट-अँपिअर सतत जाऊ देईल. १०० च्या अठरा पट. पातळ आवरणाची तार त्यासाठी केलेलीच नसते. म्हणून दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाच्या तारा शक्तिपरिपथाच्या तारांबरोबर एकाच पाइपात किंवा पेटीत घालायच्या नाहीत. पेटी एकच असेल, तर मध्ये पडदा हवा. उघड्यावर शेजारून नेताना साधारणपणे ५० मिलिमीटर अंतर हवे. काही ठरावीक अपवाद आहेत, पण तत्त्व हेच.

एक नियम मात्र उलट्या दिशेने जातो. ज्या नियंत्रण परिपथात बिघाड झाल्यास थेट आग लागेल किंवा जीव धोक्यात येईल, तो २४ व्होल्टचा असला तरी पहिल्या वर्गाप्रमाणेच बसवावा लागतो. येथे तारेपासून माणसाला नव्हे, तर इजेपासून तारेला जपायचे असते. कारण ती तुटली तर यंत्र थांबवणारी आज्ञाच पोचणार नाही.

वर्गात एक सोपा उपक्रम घेता येईल. मुलांना घरातील चार्जर व अडॅप्टर यांवरचे आउटपुटचे आकडे टिपून आणायला सांगा. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करू द्या. ५ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे १० वॉट. मग विचारा : हीच तार २३० व्होल्टच्या तारेबरोबर एकाच पाइपात घातली, तर तिला '५ व्होल्टची तार' म्हणता येईल का? आमच्या विद्यार्थ्याला बसलेल्या झटक्याने या प्रश्नाचे उत्तर आम्हाला दिले. त्याच आठवड्यात आम्ही दोन पाइप वेगळे केले.