मांजर हवेत किती वेळ थांबतं?

सकाळी सहा. मे महिन्यात सोलापूरचं ऊन नऊनंतर कुणाला उभं राहू देत नाही, म्हणून सुट्टीतला वर्ग लवकर भरवावा लागतो. मी चित्रकला शिक्षक. पूर्व भागातल्या एका शाळेत मुलांना चित्रं हलवायला शिकवतो, आणि त्यासाठी जुन्या ‘टॉम अँड जेरी’सारखं दुसरं पाठ्यपुस्तक मला माहीत नाही. चहा उकळेपर्यंत आजचा पट आवाज बंद करून पाहून घेतो. आवाज काढला की हाताचं काम दिसतं.

साडेसात. मुलं यायला लागतात. घरी कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी उर्दू, कुणी मराठी. बहुतेकांच्या घरात यंत्रमागाचं नाहीतर विड्यांचं काम. शब्दांवरचा विनोद मी सांगितला तर निम्म्या वर्गाला तो समजावून द्यावा लागतो आणि समजावलेल्या विनोदावर कुणी हसत नाही. टॉम पायऱ्यांवरून गडगडला की मात्र सगळी खोली एकदम हसते. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी 1940 पासून हे लघुपट केले ते जवळजवळ बिनसंवादाचे. टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी खुद्द हॅनांच्या आवाजातली.

आठ. खिडक्यांना चादरी लावून अंधार करतो. आज ‘द कॅट कॉन्सर्टो’, 1947 चा, ऑस्कर मिळालेला. टॉम मैफलीत पियानो वाजवतोय, जेरी त्याच पियानोत झोपलाय. हातोड्यांनी त्याची झोप मोडते आणि दोघांचं भांडण सुरू होतं. वाजवणं मात्र थांबत नाही. पट्ट्यांच्या जागी उंदीर पकडायचा सापळा येतो, टॉमचं बोट चेपतं, तरी संगीतकार लिस्टची रचना चालूच. हसू इथेच आहे. मांजराला लागलं म्हणून कुणी हसत नाही. मैफल मोडायची नाही या हट्टापायी तो जे सोसतो आणि वर चेहरा सावरतो, त्याला हसू येतं. शेवटी टॉम गळून पडतो आणि टाळ्या जेरी घेतो.

मग चक जोन्सचा रोडरनर, 1949 मध्ये आलेला. त्या पक्ष्याच्या मागे लागलेला कायोटी कड्यावरून धावत पुढे गेला, पायाखाली काही नाही, तरी हवेत उभा. मी पट थांबवतो.

“सर, पडला का नाही की अजून?”

मागच्या बाकावरून उत्तर येतं, “खाली बघितलाच नाही त्यानं, म्हणून.”

यापेक्षा नेमकं मीही सांगू शकलो नसतो. गुरुत्वाकर्षण त्याला कळेपर्यंत वाट बघतं. तो खाली बघतो, मग आपल्याकडे बघतो, आणि मगच पडतो. तो आपल्याकडे बघण्याचा क्षण काढून टाका, उरतो फक्त अपघात.

साडेनऊ. आता हिशेब. पडद्यावर एका सेकंदाला 24 चौकटी जातात. सात मिनिटांच्या पटात 10,080. अ‍ॅनिमेशनवाले एक तक्ता आखतात, दर चौकटीला एक ओळ, आणि कुठलं चित्र किती चौकटी राहणार ते आधी लिहितात. मुलांना हे पटकन कळतं, कारण सोलापुरी चादरीवरचा मोर जेकार्ड मागावर चढण्याआधी चौकोनांच्या कागदावर असाच घराघराने मांडलेला असतो. एक घर चुकलं की चोच वाकडी. इथे एक ओळ चुकली की हसू जातं. वेळेचं हे गणित हॅनांकडे असे. बार्बेरा गोष्ट आणि रेखाटनं बघत. हालचालीच्या ठोक्याठोक्याला संगीत बसवलं स्कॉट ब्रॅडली यांनी.

साडेदहा. जुन्या वह्यांचे कोरे कागद कापून, एका कडेला शिवून, पानं फडफडवायची पुस्तकं. एका मुलीचं मांजर भिंतीवरून पडतं. चित्रं सुंदर, पण शेजारची हसली नाही. मी एवढंच विचारलं, “पडणार हे त्याला कळलं कधी?” तिने पडण्याआधी चार पानं घातली, त्यात मांजर हलत नाही, फक्त डोळे मोठे होतात. पुन्हा फडफडवलं. शेजारची खदखदून हसली. त्या चार पानांसाठी मी हा वर्ग घेतो.

बारा. कडक भाकरी, शेंगाचटणी. मुलाला न्यायला आलेले एक पालक विचारतात, “सर, नुसती मारामारीच की यात. पोरं बिघडतील.” प्रश्न रास्त आहे आणि तो मी टाळत नाही. मूल मोठ्यांजवळ बसून बघत असेल, हे कसं काढलं असेल असं विचारत असेल, तर ते मारणं शिकत नाही, रचना शिकतं. पण या जुन्या पटांत काळ्या माणसांची ओंगळ थट्टाही आहे. स्फोटानंतर तोंड काळं होण्याचे विनोद, घरातल्या काळ्या मोलकरणीचं चित्रण. ते भाग मी निवडत नाही, आणि का नाही हे मोठ्या मुलांना सांगतो. कारागिरी थोर असली म्हणून अपमान माफ होत नाही.

तीन. बाहेर रस्ते ओस. उद्याची टिपणं काढतो, आपल्याकडच्या अ‍ॅनिमेशनची. दादासाहेब फाळक्यांनी 1915 च्या सुमारास आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. ‘प्रभात’ फिल्म कंपनीने 1934 मध्ये ‘जंबूकाका’ हा कोल्ह्याचा बोलपट काढला, चित्रं रघुनाथ केळकरांची. 1956 मध्ये डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनला शिकवायला आले आणि तिथे अ‍ॅनिमेशनकार राम मोहन तयार झाले. ही नावं आपल्या मुलांना माहीत असायला हवीत.

सात. चाळीच्या अंगणात पांढरी चादर ताणून तोच पियानोचा पट दाखवतो. मागावरून सुटलेले बाप, विड्यांची सुपं बाजूला ठेवलेल्या आया, फक्त तेलुगू बोलणाऱ्या आज्या. सापळा मिटतो आणि सगळे एकाच चौकटीवर हसतात.

चित्रकला शिक्षकांना माझी विनंती आहे. वर्षातला एक तास यासाठी द्या. सात मिनिटं पट, उरलेल्या वेळात कागद आणि पेन्सिल. याला खर्च जवळजवळ काही नाही.