खारं पाणी, तापलेलं पाणी आणि इवलेसे कवचधारी

कासच्या पठारावर फुलं पाहायला जाणाऱ्यांचं लक्ष जांभ्या खडकातल्या डबक्यांकडे क्वचितच जातं. पावसाळ्यात त्या वीतभर पाण्यात झिंगे-खेकड्यांची चिमुकली भावकी नांदत असते. उताणे पोहणारे फेअरी श्रिम्प असतात, तशाच टाचणीच्या डोक्याएवढ्या पाणपिसवाही. सह्याद्रीतल्या एका फेअरी श्रिम्पची नवी जात म्हणून नोंद व्हायला २०१४ साल उजाडावं लागलं. ख्रिस्तोफर रॉजर्स आणि समीर पाध्ये यांनी तिचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रीएन्सिस.

अशा जिवांचं जगणं पाण्यातल्या क्षारांवर आणि तापमानावर अवलंबून असतं. गोड्या पाण्यातल्या कवचधारीचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्यामुळे पाणी सतत अंगात शिरतं आणि मीठ बाहेर झिरपतं. जादा पाणी टाकायचं आणि सोडियम, क्लोराइड पुन्हा ओढून घ्यायचं, हे काम जन्मभर चालतं. पाणी जरासं खारं झालं तर हे ओझं उलट हलकं होतं. पण बाहेरचा खारेपणा रक्ताच्याही पुढे गेला की बहुतेकांचा निभाव लागत नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याच्या पाचव्या हिश्श्यातही बहुतेक पाणपिसवा तगत नाहीत. त्यांची पिल्लं तर त्याच्या कितीतरी आधीच घटू लागतात.

त्यात उष्णतेची भर पडते. पाणी १० अंशांनी तापलं की या जिवांच्या शरीरातल्या घडामोडींचा वेग साधारण दुप्पट होतो आणि प्राणवायूची गरजही तेवढीच वाढते. नेमका तोच कमी पडतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. पाणी खारं असेल तर त्याहून कमी. भिंगाखाली पाणपिसू धरली की तिच्या पारदर्शक अंगातून पाठीकडचं हृदय धडधडताना दिसतं. पाणी कोमट केलं की ठोके भरभर पडू लागतात. प्राणवायूची टंचाई लांबली तर रक्तातलं हिमोग्लोबिन वाढून ती लालसर होते.

डबकं आटतं तेव्हा ही दोन्ही संकटं एकदमच येतात. पाणी निम्म्यावर आलं की क्षार दुप्पट दाट होतात आणि उरलेलं उथळ पाणी लवकर तापतं. पठारावरच्या जिवांनी त्यावर तोड काढली आहे. त्यांची टणक कवचाची अंडी सुकलेल्या मातीत उन्हाळा काढतात आणि नव्या पावसाचं थंड, जवळपास बिनक्षारी पाणी साचलं की फुटतात.

खाली सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठची गोष्ट वेगळी आहे. वाळवा, मिरज, पलूस भागात उसाला वर्षानुवर्षं बेसुमार पाणी दिल्याने काळ्या जमिनी क्षारपड झाल्या. भूजल वर आलं, पाण्याची वाफ झाली आणि मीठ वर फुटलं. त्या शेतांचा निचरा चरांतून ओढ्यात उतरतो. उन्हाळ्यात ओढ्याची धार बारीक होते, पारा चाळिशीला टेकतो आणि क्षार व उष्णता यांचा मारा एकाच वेळी बसतो. पाणपिसवा शेवाळ खातात आणि माशांची पिल्लं पाणपिसवांवर वाढतात. त्या नाहीशा झाल्या तर पाणी हिरवं पडतं आणि पिल्लं उपाशी राहतात.

चर खणून जमीन सुधारते हे खरं, पण तिच्यातले क्षार ओढ्यात जातात. म्हणून खरा उपाय शेतातच आहे: पाणी मोजून द्या, ठिबक वापरा. आणि गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांनी आपल्या ओढ्याचं तापमान आणि क्षार दर महिन्याला मोजून लिहून ठेवावेत. त्यासाठी थर्मामीटर आणि हातात मावणारं क्षारमापक एवढंच पुरे.